हात आहेत, पार्ट नाही

दुरुस्त, मरम्मत, रफू, कल्हई, कारागीर. हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. कवितेमुळे शब्दांशी माझा रोजचा संबंध, म्हणून ही गोष्ट लक्षात आली. शब्द टिकतो तो व्यवहारात वापरला गेला तर. घरोघरी मोडलेली वस्तू पुन्हा कामाला लावण्याची रीत होती, तेव्हा हे शब्द सर्वांच्या तोंडी होते. आज कल्हई म्हणजे काय, हे शाळकरी मुलांना समजावून सांगावे लागते.

तेच आधी सांगतो. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंच, आमसूल यांसारखे आंबट पदार्थ ठेवले तर ते कळकतात. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देत. कल्हईवाला दाराशी येई, लहानशी भट्टी पेटवी, भात्याने निखारे फुलवी. भांडे तापले की नवसागर आणि कथील लावून कापसाच्या बोळ्याने ते आतून झरझर फिरवी. भांडे चांदीसारखे चमके. काही महिन्यांनी थर झिजे, मग पुन्हा कल्हई. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की भांडे घडवणाऱ्यानेच दुरुस्ती गृहीत धरली होती. थर झिजणार, भांडे राहणार, असा तो हिशेब होता.

आजच्या यंत्रांचा हिशेब वेगळा आहे. मध्यंतरी आमच्या घरचे वॉशिंग मशीन बंद पडले. मोटार ठणठणीत, ड्रम शाबूत. बिघाड इलेक्ट्रॉनिक बोर्डात. कंपनीकडून आलेल्या माणसाने बोर्डाची जी किंमत सांगितली, ती नव्या मशीनच्या निम्म्याच्या घरात जात होती. वर त्याने सुचवले, "नवीनच घ्या, जुन्यावर सूट मिळेल." गल्लीतल्या मेकॅनिकला बोलावले. त्याने सगळे उघडून पाहिले आणि म्हणाला, "चाचा, हात आहेत, पार्ट नाही. कंपनी बाहेर देत नाही."

लोकांची सवय बिघडली, सगळ्यांना नव्याचा सोस लागला, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. दुरुस्ती अवघड करून ठेवली जाते, हे उरलेले अर्धे. बॅटरी गोंदाने चिकटवायची, साध्या पेचकसाने न उघडणारे स्क्रू लावायचे, सुटे भाग फक्त अधिकृत केंद्रांना द्यायचे, सॉफ्टवेअरने बाहेरचा भाग नाकारायचा. ही खोड जुनीच. १९२४ साली जिनिव्हात विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी 'फीबस' नावाचा संघ स्थापन केला आणि बल्बचे आयुष्य १००० तासांवर आणले. ज्याचा बल्ब जास्त टिके, त्याला दंड होई.

याची किंमत कोण देते? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. त्यातला पाव हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद नाही.

मग करायचे काय? आपल्याकडे २००६ पासून फ्रिज आणि एसीवर वीजबचतीचे तारे दिसू लागले आणि गिऱ्हाईक ते मोजून खरेदी करू लागले. फ्रान्सने २०२१ पासून असेच दुरुस्तीचे गुण छापायला लावले. वस्तू उघडायला सोपी आहे का, सुटे भाग मिळतात का, काय भावाने मिळतात, याचे दहापैकी गुण. युरोपीय संघाने २०२४ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. वॉशिंग मशीन, मोबाइल अशा काही वस्तू हमीची मुदत संपल्यावरही रास्त दरात दुरुस्त करून देणे उत्पादकांना बंधनकारक करायचे ठरवले.

भारतातही ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली गेली. त्याच वर्षी डिसेंबरात 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू झाले. सुरुवात चांगली आहे. पण नुसत्या माहितीने भागत नाही. सुटे भाग ठरावीक वर्षे, रास्त दरात, कोणाही मेकॅनिकला विकण्याचे बंधन हवे. भर पेरणीत ट्रॅक्टर अडला, तर शेतकऱ्याने अधिकृत केंद्राची वाट किती दिवस पाहायची?

करसवलतीचाही उपाय आहे, पण तो सरकारच्या मर्जीवर चालतो. स्वीडनने २०१७ मध्ये सायकली, बूट आणि कपड्यांच्या दुरुस्तीवरचा कर २५ टक्क्यांवरून १२ वर आणला, पुढे आणखी कमी केला आणि २०२३ मध्ये पुन्हा १२ वर नेला.

आपल्याकडचा खरा ठेवा म्हणजे गल्लोगल्ली बसलेले कारागीर. त्यांनी ही विद्या उस्तादाच्या हाताखाली मिळवली. पण नव्या वस्तूची छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण, त्यांच्या शंभर रुपयांवर घासाघीस करतो. मग मुलाला या धंद्यात घालायला बाप का धजेल? सुटे भाग कायद्याने मिळवता येतील. हात एकदा गेले, तर नवे तयार व्हायला एक पिढी लागेल.

पुढच्या वेळी काही विकत घ्याल तेव्हा दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. हे उघडता येते का? याचे भाग किती वर्षे मिळतील? आमच्या गल्लीतला मेकॅनिक हे दुरुस्त करू शकेल का? रोज दहा गिऱ्हाइकांनी हेच विचारले, तर दुकानदार ते कंपनीला विचारू लागेल.