ओला रस्ता आणि झिजलेला टायर



गतवर्षी श्रावणात आमच्या शाळेचा कबड्डीचा संघ भालकीहून सामने आटोपून परत येत होता. नुकतीच एक सर येऊन गेली होती. एका वळणावर अकस्मात म्हैस आडवी आली. चालकाने ब्रेक दाबला. चाके तत्क्षणी थांबली. परंतु गाडी थांबली नाही. ती घसरत रस्ता सोडून तुरीच्या शेतात जाऊन रुतली. देवाची कृपा एवढीच, की कोणास इजा झाली नाही. घोट्याएवढ्या चिखलात उभ्या असलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, चाके तर थांबली होती; मग गाडी का थांबली नाही?"

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. उत्तर तेथल्या तेथे देता आले नाही. पुढे विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्यांपाशी बसून आणि चार पुस्तके चाळून जे समजले, ते आज तुमच्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ब्रेक थांबवतो ते केवळ चाकाला. गाडीला थांबवते ते टायर आणि रस्ता यांमधील घर्षण. हे घर्षण किती लहानशा जागेत घडते, याचा हिशेब मोठा उद्बोधक आहे. बाराशे किलो वजनाच्या मोटारीचा भार चार चाकांवर सारखा वाटला, तर एका चाकावर तीनशे किलो येतात. टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो असेल, तर रस्त्याला टेकणारा भाग सुमारे १२० चौरस सेंटिमीटरांचा, म्हणजे जवळजवळ एका पोस्टकार्डाएवढा भरतो. आईवडील, भावंडे, सामानसुमान, सारे काही अशा चार पोस्टकार्डांच्या भरवशावर चाललेले असते!

कोरड्या डांबरी रस्त्यावर ही पकड उत्तम असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ब्रेक लागल्यापासून साधारण २० मीटरांत उभी राहते. रस्ता ओला झाला, की तेच अंतर ३५ मीटरांच्या घरात जाते. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात आणखी १७ मीटर मागे पडतात. आणि वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. घाईने वाहन हाकणाऱ्याने हे गणित मनावर कोरून ठेवावे.

आता टायरवरील नक्षीकडे वळू. ती शोभेसाठी कोरलेली नसते. ओल्या रस्त्यावर रबर डांबराला भिडायचे, तर मधले पाणी दूर सारावे लागते, आणि त्या पाण्याला वाट करून देणाऱ्या चाऱ्या म्हणजेच या खाचा. समजा, रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचले आहे, टायर वीस सेंटिमीटर रुंद आहे आणि वेग ताशी ९० किलोमीटर आहे. मग त्या एका टायरला दर सेकंदास १५ लिटर, म्हणजे एक मोठी घागरभर पाणी बाजूला सारावे लागते. खाचा खोल असतील, तर हे काम होते. त्या झिजल्या, म्हणजे पाण्याला पळण्यास वाव उरत नाही. ते टायरच्या पुढे पाचरीसारखे शिरते आणि चाकाला उचलून धरते. मोटार रस्त्यावर न राहता पाण्यावर तरंगू लागते. यालाच हायड्रोप्लेनिंग म्हणतात. त्या क्षणी सुकाणू फिरवा वा ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही.

अमेरिकेतील नासा या संस्थेच्या हॉर्न आणि ड्रेहर या संशोधकांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात या घटनेचा एक सुटसुटीत नियम मांडला. पाणी पुरेसे खोल असेल, तर टायर तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. पंपावर ज्या मापाने हवा भरतात, त्या मापाने दाब ३६ असेल, तर हा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर येतो. दाब २५ वर घसरला, तर तो ८३ वर उतरतो. हा नियम मुख्यतः विमानांच्या टायरांवरील प्रयोगांतून निघाला. मोटारीसाठी तो अंदाजापुरताच घ्यावा. तथापि त्यातील बोध खरा आहे. हवा कमी असलेला टायर लवकर तरंगतो.

हुमनाबादच्या रस्त्यावर सोलापूरहून हैदराबादेकडे जाणारी एखादी बुटकी, रुंद चाकांची स्पोर्ट्स कार दिसली, की आमचे विद्यार्थी टक लावून पाहत राहतात. एवढी मोलाची गाडी पावसात तरी निर्धास्त असेल, असा त्यांचा समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. तिचे रुंद टायर कोरड्या वळणावर अप्रतिम पकड देतात. पण तीच रुंदी साचलेल्या पाण्यात आड येते, कारण पाण्याला कडेपर्यंत पोहोचण्यास लांबचा पल्ला पडतो. पुष्कळशा अशा गाड्यांत इंजिनाचे प्रचंड बळ मागच्या चाकांवर येते. ओल्या वळणावर चालकाने अधीरपणे वेग वाढविला, तर ती चाके जागच्या जागी फिरू लागतात आणि गाडीचा मागचा भाग पुढे येऊ पाहतो. पकड ही एका रुपयाच्या पुंजीसारखी असते. पंचाहत्तर पैसे वळण्यात खर्च केले, तर ब्रेकसाठी थोडेच हाती उरतात. आणि ओल्या रस्त्यावर तर मुळात रुपयाचेच साठ पैसे झालेले असतात. आधुनिक यंत्रणा ही पुंजी जपून खर्च करतात. त्या ती वाढवू शकत नाहीत.

शर्यतीच्या मैदानावर हे सारे उघड दिसते. फॉर्म्युला वन शर्यतीत कोरड्या वाटेवर खाच नसलेले गुळगुळीत टायर वापरतात. पाऊस लागला, की ते बदलून खोल खाचांचे बसवितात. पिरेली कंपनीचा असा पावसाळी टायर ताशी ३०० किलोमीटर वेगाला सेकंदास ८५ लिटर पाणी फेकू शकतो, असे ती कंपनी सांगते. पुढे वाट सुकू लागली, की हाच मऊ टायर तापून झरझर झिजतो. म्हणून चालक मुद्दाम ओलसर पट्टा शोधून त्यावरून गाडी नेतात आणि टायर थंड ठेवतात. शर्यतीत टायर क्षणार्धात बदलता येतो. आपल्याला मात्र एकच टायर बारमाही वापरावयाचा असतो.

येथेच आमच्या लेखाचे मर्म आहे. टायर झिजतो उन्हाळ्यात; त्याची परीक्षा होते पावसाळ्यात. पाणी रबराला थंड ठेवते आणि घासणे कमी करते, म्हणून ओल्या रस्त्यावर झीज मंदावते. खरी झीज होते ती कलबुरगीच्या चैत्र-वैशाखातील तापलेल्या डांबरावर. त्या दिवसांत गुळगुळीत टायरही कोरड्या रस्त्यावर बरा चालतो, आणि मालकाला वाटते, "आणखी एक हंगाम निघेल." मृगाची पहिली सर येते आणि तो हिशेब चुकतो.

आमचे बालपण कोकणीभाषी किनारपट्टीवर गेले. तेथे पावसाची झड दिवसच्या दिवस लागते आणि रस्ता धुऊन निघतो. इकडे बीदर-कलबुरगीकडे पाऊस उघडीप देत देत येतो. मधल्या दिवसांत रस्त्यावर तेल आणि धूळ साचते; नवी सर आली, की त्यांचा निसरडा लेप तयार होतो. पहिली काही मिनिटे म्हणूनच विशेष जपावे. त्यात शेतातून येणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर आणतात. ही माती भिजली, की साबणासारखी होते, हे येथील शेतकऱ्यास सांगावयास नको.

टायरची झीज वाचता येते. दोन्ही कडा झिजल्या असतील, तर हवा कमी राहिली. मध्यभाग झिजला असेल, तर हवा जास्त झाली. एकच कड झिजली असेल, तर बहुधा चाकांची सरळ रेषा बिघडली, असे समजावे. मोटारीच्या टायरच्या खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. झीज त्यांच्यापर्यंत पोहोचली, की खाच १.६ मिलिमीटरच उरली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीसाठी हीच किमान मर्यादा आहे. दुचाकी व तीनचाकी वाहनांसाठी ती ०.८ मिलिमीटर आहे. नव्या मोटारीच्या टायरवर सात-आठ मिलिमीटर खाच असते. कायद्याची मर्यादा ही शेवटची पायरी होय. शहाण्याने तिच्या अलीकडेच थांबावे. आणि गाडी पाण्यावर तरंगू लागलीच, तर ब्रेक एकदम दाबू नये, सुकाणू हिसडू नये. वेगावरचा पाय हळूच उचलून चाके सरळ धरावी.

त्या दिवशी तुरीच्या शेतात आम्ही टायरवरून हात फिरविला, तो पाटीसारखा गुळगुळीत लागला. चालक मान खाली घालून उभा होता. त्याला दोष देणे आमच्या जिवावर आले. नवे टायर म्हणजे त्या गरिबाची कित्येक दिवसांची कमाई. पण गाडीत बारा मुले होती, हेही तितकेच खरे.

यंदा संघ सामन्यांस निघाला, तेव्हा गाडीत बसण्यापूर्वी तोच विद्यार्थी हातात पट्टी घेऊन चाकापाशी वाकला. चारही टायर पाहून झाल्यावर त्याने मान डोलावली, आणि मगच आम्ही सारे चढलो. तुमच्या वडिलांची दुचाकी, काकांची जीप, गावाची रिक्षा, यांच्यापाशी ज्येष्ठ संपण्यापूर्वी तुम्हीही एकदा असेच वाका. मोठ्यांना सांगताना संकोच वाटला, तर हा अंक त्यांच्या हाती द्या.