हजार फुटाले तीस किलो

प्रजापतीनगरहून सीताबर्डीकडे येणाऱ्या मेट्रोत खिडकीशी बसलं की नागपूर वरून दिसतं. २०२२च्या डिसेंबरात हा मार्ग सुरू झाला आणि शहराचा जो भाग रस्त्यावरून कधीच नजरेला पडत नव्हता, तो समोर आला. गच्च्या. काळपट पडलेल्या, पावसाळ्यातलं शेवाळ वाळून करड्या झालेल्या, गळती थांबवायला डांबरी शीट चिकटवलेल्या, मोडके पलंग आणि जुन्या कूलरच्या पेट्या सांभाळणाऱ्या. एप्रिलच्या सुरुवातीला त्या पसाऱ्यात एखादीच गच्ची अशी दिसायची की तिच्याकडे बघताना डोळे मिटावेत. पांढरीशुभ्र, नुकतीच चुना मारलेली. ही गच्ची रंगवणारा माणूस कोण, तो नेमकं काय करतो, हे बघायचं मी ठरवलं.

मला त्यात रस असण्याचं कारण माझ्या डोक्यावरच आहे. मी एका जुन्या स्कीममध्ये, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, सगळ्यांत वरच्या माळ्यावर राहते. नागपुरात वरच्या माळ्यावरचा फ्लॅट का रिकामा राहतो, हे भाडेकरूला कोणी समजावून सांगावं लागत नाही. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते घरात सोडतो. बाहेर नऊ-दहा वाजता वाऱ्याची झुळूक सुटलेली असते, तेव्हा आत पंखा छताजवळची तापलेली हवा खाली ढकलत असतो. उशी गरम, गादी गरम, कपाट उघडलं तर आतले कपडे गरम. या शहरात मे २०१३मध्ये पारा ४७.९पर्यंत गेला होता. ३० मे २०२४ला एका स्वयंचलित केंद्रावर ५६चा आकडा झळकला, तेव्हा तो यंत्रातला बिघाड असल्याचं हवामान खात्याने सांगितलं. पण ते ऐकेपर्यंत नागपूरकरांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवलेला होता, यातच सगळं आलं. हे आकडे सावलीतल्या हवेचे. उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग दुपारी साठीच्या पुढे जातो.

इतवारीतल्या एका चुना-रंगाच्या दुकानातून गच्च्यांना चुना मारणाऱ्या एका भाऊंचा पत्ता मिळाला. पन्नाशीचे, मूळचे भंडारा जिल्ह्यातले, सोबत बारावीची परीक्षा दिलेला मुलगा. मानेवाड्याकडच्या एका चार माळ्यांच्या स्कीमच्या गच्चीवर त्यांचं काम होतं. संध्याकाळी पोचले तेव्हा ते कापलेल्या लोखंडी ड्रममध्ये पाणी भरत होते.

"ताई, तिकडं टाकीपाशी उभ्या राहा. शिंतोडा डोळ्यात गेला तं डोळाच जाते."

मग त्यांनी कळीच्या चुन्याचे खडे एकेक करून पाण्यात सोडायला सुरुवात केली. आधी पाणी, मग चुना. उलटं कधीच नाही, कारण खड्यांवर पाणी ओतलं तर ते अंगावर उसळतं. क्षणभर काहीच झालं नाही. मग खडे तडकायला लागले, पाण्यातून बारीक कुरकुर आली आणि बघता बघता सगळा ड्रम खदखदू लागला. खाली जाळ नाही, काही नाही, तरी वाफ माणसाच्या उंचीपर्यंत चढली. आणि वास आला. ओल्या दगडाचा, किंचित जळका, नाकात जरासा झोंबणारा. दिवाळीच्या आधी घरं चुन्याने पोतारली जायची त्या काळातल्या प्रत्येक माणसाला तो ओळखू येईल. हा लेख लिहिताना मी कुठल्याही मुद्द्यावर असले तरी मन त्या ड्रमपाशी जाऊन उभं राहतं. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाणी मिळालं की भट्टीतल्या त्या उष्णतेचा काही भाग तो परत करतो. गच्चीवर पसरला की हवेतून तोच कर्बवायू पुन्हा ओढून घेतो आणि हळूहळू दगड होतो. वणीजवळच्या राजूरच्या भट्ट्यांत आपल्या विदर्भातलाच दगड भाजला जातो. ज्या वस्तूला आपण सगळ्यांत हलका रंग समजतो, ती रंग नाहीच. दगडाचा पातळ पापुद्रा आहे.

"हजार फुटाले तीस किलो," भाऊ म्हणाले. मी विचारलंही नव्हतं. "तीन हातासाठी. वीस टाकले तं एका वाऱ्यात उडून जाते, चाळीस टाकले तं पोपडे निघते. तीस."

रात्रभर चुना विरू द्यायचा. पहाटे तो जुन्या सुती लुगड्यातून गाळायचा, त्यात डिंकाचं पाणी, थोडं फेविकॉल आणि चिमूटभर नीळ घालायची, आणि ताकाइतका पातळ करायचा. फेविकॉलचं प्रमाण भाऊंनी दुसऱ्यांच्या गच्चीवर शिकलेलं नाही. ते राहतात त्या घरावर टिनाचं छप्पर आहे आणि साधा चुना टिनावर धरत नाही, महिन्याभरात सुटतो. दोन उन्हाळे त्यांनी आपल्याच टिनावर वेगवेगळे हात मारून पाहिले. कधी नुसता डिंक, कधी मीठ, कधी फेविकॉल. टिन पातळ, त्याखाली दुसरं काही नाही, त्यामुळे फरक लगेच कळतो. "बायको सांगे, आज बरं वाटते का नाही. तेच आमचं मीटर." मला हे फार मोलाचं वाटतं. प्रयोगशाळेत पांढऱ्या पृष्ठभागाची परावर्तनक्षमता मोजतात: स्वच्छ पांढरा चुना तीन-चतुर्थांशाच्या आसपास ऊन परत फेकतो आणि जुनं काळवंडलेलं काँक्रीट जेमतेम पाव हिस्सा. या माणसाने तेच काम चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून केलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी पुन्हा गेले. उन्हात चुना मारून उपयोग नाही. पाणी झटकन उडून जातं, चुन्याला दगड व्हायला ओल मिळत नाही आणि हाताला लागणारी भुकटी तेवढी उरते. तारेच्या ब्रशने गच्ची घासून, झाडून, पाणी मारून झालं होतं. बापलेकांनी एकमेकांकडे पाठ करून कोपऱ्यातून सुरुवात केली. पहिला हात पूर्व-पश्चिम, दुसरा दक्षिण-उत्तर. ओला चुना जवळजवळ दिसतच नाही, नुसतं मळकट पाणी पसरल्यासारखं वाटतं. तो वाळताना पांढरा होत जातो आणि सूर्य वर येईपर्यंत गच्चीकडे बघवत नाही.

मुलाच्या डोळ्यांवर प्लास्टिकचा चष्मा होता, भाऊंच्या नव्हता. "सवय आहे," म्हणाले. ही सवय कसली असते ते त्यांच्या हातांकडे पाहून कळतं. खोबरेल तेल चोपडूनही बोटांच्या पेरांत चिरा पडल्या आहेत, नखांच्या कडा पांढऱ्या झाल्या आहेत. काम देणाऱ्या स्कीमने दोन चष्मे आणि रबरी हातमोजे आणून द्यायला हवेत, मजुरीच्या हिशेबात न धरता. हजार फुटांचं काम चुना, डिंक, फेविकॉल आणि दोघांची मजुरी धरून तीन हजारांच्या आत झालं. त्यात दोन चष्मे बसत नाहीत असं कोणी म्हणू नये.

आणि हेच तीन हजार आपण कुठे खर्च करतो? घर सजवायचं म्हटलं की नागपुरातही आता पहिली गोष्ट निघते फॉल्स सीलिंगची. जिप्समच्या पाट्या, कडेने लपवलेले दिवे. तिच्या वरच्या पोकळीमुळे थोडा फरक पडतो हे खरं. पण तोपर्यंत उष्णता स्लॅबमधून आत आलेली असते, आणि दहा फुटांची खोली नऊ फुटांची होते, ते वेगळंच. मग एसी. दीड टनाचा एसी चालताना साधारण दीड हजार वॉट वीज घेतो आणि त्यातला मोठा भाग छताने आत सोडलेली उष्णता बाहेर ढकलण्यात जातो. तीच उष्णता गच्चीवरच अडवता येत असेल, तर सजावटीच्या यादीत चुना पहिला हवा. कवेलूच्या घरांत आणि महाल भागातल्या जुन्या वाड्यांत छताखाली हवा खेळायची. नंतरच्या इमारतींत निदान स्लॅबवर विटांचा जाड कोबा असायचा. बांधणाऱ्याने तो कोबा वाचवला आणि त्याचा भार वरच्या माळ्यावर राहणाऱ्यावर टाकला.

खोलीच्या आतली बाकीची कामंही अशीच कमी पैशांची आहेत. पश्चिमेच्या बाल्कनीला बांबूची चिक लावायची ती काचेच्या बाहेरून. आतला जाड पडदा कितीही देखणा असला तरी ऊन काच ओलांडून आलेलं असतं. कूलरच्या ताट्या होळीनंतर बदलायच्या, जमलं तर एक बाजू वाळ्याची, आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवायची. कूलर पाणी हवेत मुरवून गारवा देतो. ती दमट हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात खोली चिकट होते. नवतपा संपून मृगाचा पाऊस आला की कूलरचं काम संपतं, तेव्हा टाकी कोरडी करून ठेवायची, नाहीतर डासांची पैदास.

चुन्याला एक दोष सगळे सांगतात, तो म्हणजे पावसात जातो. रंगाच्या कंपन्यांचे 'हीट रिफ्लेक्टिव्ह' लेप काही वर्षं टिकतात, आणि गळकी गच्ची असेल तर ते घ्यावेत असं मीही म्हणेन. पण ते हिवाळ्यातही ऊन परतवत राहतात, आणि २९ डिसेंबर २०१८ला याच नागपुरात पारा ३.५वर उतरला होता. तेव्हा वरच्या माळ्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना तापलेला स्लॅबच हवा असतो. मेमध्ये ऊन परतवणारा आणि जानेवारीपर्यंत बराचसा झिजलेला चुना इथल्या हवेला जितका जुळतो, तितकं दुसरं काही मला दिसत नाही.

नागपूरसाठी उष्माघात प्रतिबंधाचा आराखडा २०१६पासून आहे. अहमदाबादने तो २०१३मध्ये केला आणि पुढे वस्त्यांची छतं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं. आपल्याकडे हे काम अजून एकेका स्कीमच्या सभेवर आणि एकेका भाऊंच्या कुंच्यावर चाललं आहे. हजार फुटाले तीस किलो, हा आकडा महापालिकेने प्रत्येक वॉर्डात भिंतीवर लिहून ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

सभेचं सांगायचं तर मानेवाड्याच्या त्या स्कीममध्ये पैशांवरून फारसं अडलं नव्हतं. खालच्या माळ्यावरच्यांनी "आमच्या घरी कुठं तापते" म्हटलं, वरच्या दोघांनी अर्ध्याहून जास्त भार उचलला आणि विषय संपला. अडलं ते कुरडयांवरून. एप्रिल हा गच्चीचा महिना. गव्हाचा चीक शिजवून कुरडया, शेवया, साबुदाण्याच्या चकल्या, मुगाच्या वड्या, सगळं तिथेच वाळतं. पहिल्या माळ्यावरच्या काकू तिसऱ्या हाताच्या वेळी वर आल्या आणि पायाला भुकटी लागेल, तीच कुरडयांत जाईल, म्हणून ठाम उभ्या राहिल्या. भाऊंनी वाळलेल्या कोपऱ्यावर तळवा घासून त्यांना दाखवला. तळव्याला जवळपास काही लागलं नाही. काकूंनी स्वतः हात फिरवला आणि तरीही मान हलवली.

शेवटी जिन्याच्या टॉवरलगतचा दहा फुटांचा पट्टा तसाच सोडायचं ठरलं. त्याच्याखाली कोणाची झोपायची खोली नाही ना, हे भाऊंनी आधी मुलाला खाली पाठवून बघून घेतलं. जिना आणि एका फ्लॅटचं न्हाणीघर निघालं. उरलेला चुना त्यांनी टाकीच्या बाजूंना मारला, काकूंना तीन दिवस सकाळ-संध्याकाळ गच्चीवर पाणी शिंपडायचं काम सोपवलं, आणि मुलाने ड्रम खांद्यावर घेतला, कारण पुढचं काम हुडकेश्वरला होतं आणि तिथला चुना त्याच संध्याकाळी विरवायचा होता.