गीझरचा आवाज : त्याचीं कारणें व उपाय

न्हाणीघरांतील तांब्याचा बंब मागें पडून त्याच्या जागीं विजेचा गीझर आला, याला आतां खेड्यापाड्यांतही बरींच वर्षें झालीं. बंबाला काय हवें व काय नको, हें घरांतील लहानथोर सर्वांस ठाऊक असे. तो डोळ्यांपुढें असे व त्याची राख रोज काढावी लागे. गीझर मात्र भिंतीवर उंच, बंद पेटींत असतो. आंत काय चाललें आहे तें दिसत नाहीं. तें कळण्याचें घरच्या माणसांजवळ मुख्य साधन म्हणजे त्याचा आवाज. हा आवाज पुष्कळ घरीं ऐकला जातो, परंतु समजून घेतला जात नाहीं. कोणी त्यास भिऊन चांगलें यंत्र मोडींत काढतात, तर कोणी ‘पाणी तापतें आहे ना’ म्हणून दुर्लक्ष करतात. पहिल्यानें पैसा जातो, दुसऱ्यानें प्रसंगीं जीवही जाऊं शकतो. म्हणून या विषयाचा थोडा विचार वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आवाज कां होतो?

आधण ठेवलें म्हणजे उकळी येण्यापूर्वीं पाणी सूं सूं करूं लागतें. तळाशीं वाफेचे बारीक बुडबुडे उत्पन्न होतात, ते वर चढतात आणि वरच्या कमी तापलेल्या पाण्यांत शिरतांच मिटून जातात. मिटतांना भोंवतालचें पाणी त्या पोकळींत आदळतें व आवाज होतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञानें आधणाच्या आवाजाची हीच मीमांसा केली होती. ती वाचून लॉर्ड रॅले यांनीं, पोकळी मिटतांना पाण्यांत केवढा दाब उत्पन्न होतो, याचें गणित १९१७ सालीं प्रसिद्ध केलें.

आतां शंका अशी येईल कीं, गीझरचें पाणी साठ अंशांपर्यंतच तापत असतां त्यांत वाफ कोठून आली? याचें उत्तर विहिरीच्या पाण्यांत आहे. आपल्याकडील काळ्या खडकांतील विहिरीचें, आणि विशेषतः बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. त्यांत डाळ लवकर शिजत नाहीं व साबणाला फेस येत नाहीं. अशा पाण्यांत विरघळलेलें चुन्याचें बायकार्बोनेट तापल्यानें फुटतें, कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो आणि पांढरें कॅल्शियम कार्बोनेट कॉइलवर व टाकीच्या तळाशीं बसतें. ठिबक सिंचनाचे ड्रिपर ज्या पांढऱ्या क्षारानें बुजतात, तोच हा क्षार होय. थर जाड झाला म्हणजे त्याच्या खालीं थोडें थोडें पाणी अडकतें, तें अतिशय तापून त्याची वाफ होते, आणि ती थराच्या भेगांतून निसटून बाहेरच्या पाण्यांत मिटते. लाह्या फुटल्यासारखा तडतडाट किंवा जात्यासारखी घरघर ऐकूं येते ती याचीच.

यांत नुकसान काय?

विजेच्या गीझरवर क्षार चढला कीं विजेचें बिल दुप्पट होतें, असा समज आहे. तो बरोबर नाहीं. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर नेण्यास सुमारें ०.७ युनिट वीज लागते, आणि दोन किलोवॅटच्या कॉइलला त्यास वीस-बावीस मिनिटें पुरतात. कॉइल पाण्यांतच बुडालेली असल्यामुळें तिची उष्णता उशिरानें कां होईना, बहुतेक पाण्यासच मिळते. लाकडाच्या बंबाची व गॅसच्या गीझरची गोष्ट निराळी. तेथें थरानें अडविलेली उष्णता धुरावाटे निघून जाते व सरपण किंवा गॅस फुकट जळतो.

विजेच्या गीझरचें खरें नुकसान तीन प्रकारचें आहे. थराखालीं कॉइल प्रमाणाबाहेर तापून लवकर जळते. तिच्या वरचें आवरण तडकल्यास वीज पाण्यांत उतरते, आणि अर्थिंग नसेल तर न्हाणाऱ्याच्या जिवावर बेततें. तिसरें असें कीं, उष्णता मोजून वीज बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटच्या नळीवरही क्षार बसतो व त्यास पाणी तापल्याची वर्दी उशिरा मिळते.

आवाज कसा ओळखावा?

(१) अधूनमधून एकच ‘टक्’ होतें, तो थर्मोस्टॅट चालू-बंद झाल्याचा आवाज. तापतांना व निवतांना बारीक टिकटिक होते, ती धातू प्रसरण व आकुंचन पावल्याची. या दोहोंस उपाय नको.

(२) तोटी बंद करतांच भिंतींत ‘धाड्’ असा आवाज आल्यास तो गीझरचा नसून नळांतील वाहतें पाणी एकदम अडल्याचा आहे. तोटी सावकाश बंद करावी व सैल पाईपास क्लॅम्प मारावे.

(३) गच्चीवरील टाकी रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर नळ फुसफुसतो, तो अडकलेल्या हवेमुळें. पाणी थोडा वेळ वाहूं दिलें कीं तो थांबतो.

(४) तापतांना तडतड किंवा घरघर झाल्यास क्षार झाला असें समजावें व सफाई करवावी.

(५) दिवा न विझतां खळखळ उकळी ऐकूं येणें, अथवा तोटींतून पाण्याबरोबर वाफ येणें, ही धोक्याची सूचना होय.

या शेवटच्या खुणेविषयीं अधिक लिहिणें अवश्य आहे. बंबाचें पाणी कितीही उकळलें तरी वाफ झाकण उचलून निघून जात असे. गीझरची टाकी बंद असते. पाण्याची मोकळ्या हवेंत वाफ झाली म्हणजे ती सुमारें सोळाशें पट जागा मागते. ती जागा न मिळाल्यास टाकी फुटते. म्हणूनच टाकीस सेफ्टी व्हॉल्व्ह लावलेला असतो. तापतांना त्यांतून थोडें पाणी ठिबकतें, तें पाणी फुगल्यामुळें. पंधरा लिटर पाणी वीसवरून साठ अंशांवर जातांना जवळजवळ पाव लिटरनें वाढतें. हें ठिबकणें बूच मारून बंद करूं नये. वाफ किंवा उकळी आढळल्यास कोरड्या जागीं उभें राहून मेन स्विच पाडावा, गरम तोटीला हात लावूं नये, टाकी कांहीं तास आपोआप निवूं द्यावी, आणि जाणत्या कारागिरास दाखविल्यावांचून वीज पुन्हा देऊं नये.

सफाई व निगा

पाणी जड असेल तेथें वर्षांतून एकदां, थंडी सुरू होण्यापूर्वीं, सफाई करवावी. वीज तोडून, टाकी थंड व रिकामी करून, कॉइल बाहेर काढतात. सायट्रिक आम्लाच्या सौम्य पाण्यांत ती भिजविली कीं क्षार सुटतो. तळचा गाळ धुऊन काढावा. ठिबकच्या नळ्यांस वापरतात तें तीव्र आम्ल टाकींत कदापि घालूं नये. तें धातूच खातें. टाकीऐवजीं स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची कांडी आंत असते, ती संपली असल्यास बदलावी. अर्थिंग तपासून घ्यावें, आणि तीस मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच नसल्यास बसवावा. गरम तोटींतून अखंड धार आल्यावरच वीज द्यावी. रिकाम्या टाकींत कॉइल तत्काळ जळते. थर्मोस्टॅट साठ अंशांवर ठेवावा. त्याहून अधिक उष्णतेनें क्षार झपाट्यानें बसतो.

माती परीक्षणास पाठवितांना घरच्या पाण्याचा नमुनाही पाठवावा. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा लिटरमागें २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरें पाणी नसल्यास ६०० पर्यंत चालतो. आंकडा कळला म्हणजे सफाई वर्षानें करावी कीं सहा महिन्यांनीं, हें ठरवितां येतें. सफाईची तारीख गीझरशेजारीं भिंतीवर लिहून ठेवावी. ज्याची नोंद नाहीं तें काम झालें कीं राहिलें, याचा घरांत वाद होतो.

विहिरीच्या मोटरचा आवाज बदलला तर आपण मध्यरात्रीं उठून शेतावर जातों, कारण पीक तिच्यावर अवलंबून असतें. गीझरखालीं आपलीं मुलेंबाळें न्हातात. त्याच्या आवाजाकडेही तितकेंच लक्ष द्यावें, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.