लेझमीचे डाव कागदावर

मावळातील जत्रांत आणि पालख्यांपुढे ढोलाच्या ठेक्यावर खेळली जाणारी लेझीम वस्तादाच्या इशाऱ्यासरशी बदलत जाते; तिचे डाव बहुधा त्याच्या स्मरणात आणि खेळणाऱ्यांच्या अंगवळणी राहत असल्यामुळे, वस्ताद गेला की त्याचे काही डावही जातात. ते थोडक्यात पण निःसंदिग्धपणे कसे लिहावेत, याचा उत्तम नमुना अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागात रुजलेल्या कॉन्ट्रा नृत्यात आढळतो. या नृत्यात समोरासमोरच्या दोन लांब रांगांतील जोड्यांना पुढची हालचाल पुकारून सांगणाऱ्या ‘कॉलर’च्या हाती एक लहान कार्ड असते. धून ६४ मात्रांची आणि तिचे १६ मात्रांचे चार भाग असल्याने, कार्डावर प्रत्येक भागापुढे हालचालीचे नाव, ती कोणी कोणाबरोबर करायची आणि किती मात्रांत, एवढेच लिहिलेले असते. कारण पुकारा हालचाल सुरू होण्यापूर्वीच संपवावा लागतो आणि लांबलचक वर्णन वाचायला तेवढी उसंत नसते.

लेझमीत असे लेखन परके ठरू नये. चौ आवाज, एक जगह, आदि लगाव, पवित्रा, दो रुख ही शालेय कवायतीत रुळलेली नावे स्वतःच लघुलेखनाच्या योग्यतेची आहेत. हालचाली नेमक्या हुकमांत बांधण्याची परंपराही आपल्याकडे आहे: सामूहिक व्यायामासाठी देशी भाषेतील हुकूम रूढ करणाऱ्या बडोद्याच्या माणिकरावांचे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘यौगिक संघ व्यायाम’ या पुस्तकात यौगिक हालचालीही समूहाला हुकमावर करता येतील अशा बांधल्या.

मात्रा दाखवण्यासाठी नवी चिन्हे शोधण्याचेही कारण नाही. हिंदुस्थानी संगीताच्या भातखंडे लेखनपद्धतीत तालाच्या पहिल्या मात्रेला, म्हणजे समेला, × आणि खालीला, म्हणजे टाळीविना मोजल्या जाणाऱ्या मात्रेला, ० हे चिन्ह असते; तेच घेऊन एका ओळीत आठ मात्रा धराव्यात आणि डाव्या-उजव्यासाठी ‘डा’ व ‘उ’ वापरावे. ‘× चौ आवाज ८, डा’ एवढ्या ओळीतून समेवर, डाव्या पायाने, आठ मात्रा हा डाव खेळायचा हे कळते. मात्र हालचाल संपताना लेझीम मिटलेली की उघडलेली, तोंड कोणत्या दिशेला आणि भार कोणत्या पायावर, हे लिहिले नाही तर पुढची हालचाल कोठून उचलायची ते कळत नाही. सुरुवातीपेक्षा शेवटाची नोंद अधिक मोलाची आहे, आणि नेमकी तीच राहून जाते.

वस्तादांनी आणि शाळांतील क्रीडाशिक्षकांनी आपापला एखादा डाव असा लिहून शेजारच्या गावच्या पथकाला द्यावा आणि तो कोणीही न शिकवता, केवळ कागदावरून खेळला जातो का, हे पाहावे.