मालकाची पेन्शन कोण भरणार?



गेल्या हंगामात हर्णे-आंजर्ले फेरीत एका घरी थांबलो. आंबापोळी आणि कोकम आगळाचा घरगुती कारखाना, सात-आठ बाया कामाला. मालकांचं वय ६६, तरी स्वतःच क्रेट उचलत होते. म्हणाले, "साहेब, मजुरी दिली, बँकेचा हप्ता भरला, उरलं ते बाटल्या-बरण्यांत घातलं. माझं असं काही ठेवलंच नाही."

नोकरदाराचा प्रॉव्हिडंट फंड पगारातून कापला जातो. मालकाचा कोण कापणार? वीस किंवा अधिक माणसे असली की धंद्याला फंडाचा कायदा लागतो खरा, पण तो कामगारांसाठी. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मालक स्वतःचा नोकर ठरत नाही. त्याची सोय त्यानेच करावी लागते.

वय १८ ते ४० असेल आणि जमीन दोन हेक्टरांच्या आत असेल, तर २०१९ साली सुरू झालेली किसान मानधन योजना पाहावी. तिसाव्या वर्षी नाव घातले तर महिना १०५ रुपये. तेवढेच सरकार घालते. साठीनंतर महिना ३,००० रुपये, आणि मागे राहिलेल्या पती वा पत्नीस निम्मे. सातबारावर तुमचे नाव हवे. आपल्या कोकणात बाग तुम्ही राखता आणि उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव, तिथेच घोडे अडते! तेव्हा वारस नोंद आधी उरकून घ्यावी. प्राप्तिकर भरणाऱ्यास ही योजना नाही.

अटल पेन्शन योजना २०१५ ची. तिला जमीन लागत नाही, बँकेचे वा पोस्टाचे बचत खाते लागते. प्राप्तिकराची अट इथेही आहे. महिना ५,००० च्या पेन्शनसाठी अठराव्या वर्षी २१० रुपये, चाळिसाव्या वर्षी मात्र १,४५४! कामावरच्या तरुण बायांनाही हे जरूर सांगा.

एक खरे सांगतो. वीस-तीस वर्षांनी तीन-पाच हजारांना आजची किंमत राहणार नाही. म्हणून जोडीला पोस्टात सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते काढावे. चाळिशी उलटलेल्यांनाही ते चालते. वर्षाला कमीत कमी ५००, जास्तीत जास्त दीड लाख. मुदत पंधरा वर्षे. एप्रिल २०२० मध्ये ठरलेला ७.१ टक्के दर धरला, तर दरवर्षी सुरुवातीस १२,००० भरणाऱ्यास शेवटी सव्वातीन लाखांच्या आसपास मिळतात. आंब्याची पट्टी मे-जूनमध्ये हाती येते, तेव्हाच भरून टाकावे. गणपतीपर्यंत पैसा उरत नाही हे मी तुम्हाला काय सांगू? आणखी एक: धंदा बुडाला, धनकोने कोर्टाचा हुकूमनामा आणला, तरी या खात्यावर जप्ती येत नाही. कर्ज काढून फवारणी करणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे.

त्या ६६ वर्षांच्या मालकांचे काय? त्यांना वरच्या दोन्ही पेन्शन बंद. साठीपुढच्यांसाठी पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, व्याज दर तीन महिन्यांनी मिळते. मोहर चांगला धरला, तर यंदा पट्टी आल्यावर त्यातून काही रक्कम तिथे ठेवायची, असे आम्ही ओटीवर बसून ठरवले आहे. वारस म्हणून त्यांनी पत्नीचे नाव सांगितले. त्या आतून म्हणाल्या, "आधी ठेवा तरी!"