लिस्बनमार्गे आलेले धर्मयुद्ध

क्रुसेड म्हटले की जेरुसलेम आठवते, सलाहुद्दीन आणि सिंहहृदयी रिचर्ड आठवतात, आणि १२९१ साली एकर बंदर मामलुकांच्या हाती पडले की आपण पुस्तक मिटतो. मला ही कथा अपुरी वाटते. या युद्धांचा एक फाटा पश्चिमेकडे वळला, समुद्रात उतरला आणि साडेतीनशे वर्षांनी गोव्यात मांडवीच्या मुखाशी येऊन पोहोचला.

आरंभ फ्रान्समधल्या क्लेर्माँचा. १०७१ साली मान्झिकर्टला सेल्जुक तुर्कांनी बायझंटाईन सम्राटाचा पराभव केला आणि अनातोलिया हातचा जाऊ लागला. पुढे सम्राट अलेक्सियोसने पश्चिमेकडे लष्करी मदत मागितली. २७ नोव्हेंबर १०९५ रोजी पोप दुसरा अर्बन याने त्या मागणीला भलतेच मोठे रूप दिले. भक्तीपोटी जेरुसलेमच्या मुक्तीसाठी निघेल त्याला दुसरे प्रायश्चित्त उरणार नाही, असे आश्वासन त्या सभेत दिले गेले. तोवर रणात माणूस मारल्याबद्दल ख्रिस्ती योद्ध्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे. आता रण हेच प्रायश्चित्त ठरले. पुढच्या पाच शतकांची किल्ली या एका बदलात आहे.

त्याची फळे लगेच दिसली. १०९६च्या मे महिन्यात, एकही मुसलमान नजरेस पडण्यापूर्वी, काही टोळ्यांनी ऱ्हाइनकाठच्या वर्म्स आणि माइन्झमध्ये यहुद्यांची कत्तल केली. १५ जुलै १०९९ रोजी जेरुसलेम पडले तेव्हा मुसलमान आणि यहुदी दोघेही कापले गेले. ज्या तुर्कांविरुद्ध ही मोहीम निघाली होती, त्यांच्याकडून ते शहर इजिप्तच्या फातिमींनी आदल्याच वर्षी घेतले होते. पण इतक्या दूरवरून आलेल्यांना कोण तुर्क आणि कोण फातिमी, याचे सोयरसुतक नव्हते.

तरीही तिथे राहिलेली माणसे हळूहळू बदलली, आणि हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. सीरियातला सरदार उसामा इब्न मुन्किध आपल्या आठवणींत लिहितो, की जेरुसलेममधले त्याचे टेम्पलर (लढवय्या ख्रिस्ती संन्यासी संघातले) मित्र त्याला नमाजासाठी जागा मोकळी करून देत. एकदा नुकत्याच आलेल्या एका फ्रँकने, म्हणजे पश्चिम युरोपीयाने, त्याचे तोंड जबरदस्तीने पूर्वेकडे वळवले. टेम्पलरांनी त्या माणसाला बाहेर काढले आणि उसामाची माफी मागितली. ११८४ मध्ये प्रवासी इब्न जुबैर दमास्कसहून एकरला गेला. सैन्ये एकमेकांवर चालून जात असतानाही व्यापाऱ्यांचे तांडे बिनदिक्कत ये-जा करताना पाहून तो चकित झाला होता. १२२९ साली तर सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि सुलतान अल-कामिल यांनी लढाई न करता दहा वर्षांचा तह केला. जेरुसलेम ख्रिस्त्यांकडे, हरम अल-शरीफ हा मशिदींचा परिसर मुसलमानांकडे. या तहाबद्दल दोघांनाही आपापल्या लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या. जेरुसलेमच्या पेट्रिआर्कने, म्हणजे सर्वोच्च ख्रिस्ती धर्मगुरूने, त्या शहरातले धर्मविधीच बंद केले. हा तह सलाहुद्दीनने जिंकलेल्या हॅटिनच्या लढाईइतकाच शिकवला गेला पाहिजे.

आता पश्चिमेकडे वळलेल्या त्या फाट्याकडे येऊ. दुसरे क्रुसेड दमास्कससमोर फसले, हे सर्वज्ञात आहे. त्याचे मोठे यश भलतीकडेच मिळाले. ११४७ साली इंग्लिश, फ्लेमिश आणि जर्मन क्रुसेडरांचे आरमार पूर्वेकडे जाताना पोर्तुगालच्या किनाऱ्याला लागले. राजा अफोन्सो हेन्रिकेश याने लुटीचा हक्क देऊन त्यांना मुसलमानांच्या लिस्बनवर घातले. शहर ऑक्टोबरात शरण आले. मग कराराच्या अटी मोडून लूट झाली, आणि त्या धामधुमीत शहरातला म्हातारा ख्रिस्ती बिशपच मारला गेला. त्याच्या जागी हेस्टिंग्जचा गिल्बर्ट हा इंग्लिश धर्मगुरू बसला. जेरुसलेमचा परवाना आता कुठेही चालू लागला होता. १२०४ साली क्रुसेडरांनी कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहर लुटले, तेव्हा उरलासुरला आडपडदाही गेला. तिथून नेलेले काशाचे घोडे व्हेनिसमध्ये आजही आहेत.

१३१२ साली पोपने टेम्पलर संघ बरखास्त केला. पोर्तुगालमध्ये मात्र त्यांच्या मालमत्तेतून १३१९ मध्ये ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ उभी राहिली. एक शतक लोटल्यावर राजपुत्र हेन्री तिचा प्रशासक झाला, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजांना तिचा पैसा आणि तिचा क्रूस मिळाला. १४५५ मध्ये पोप पाचवा निकोलस याने पोर्तुगीज राजाला मुसलमान आणि मूर्तिपूजकांवर हल्ला करण्याचा, त्यांचे मुलूख घेण्याचा आणि त्यांना गुलाम करण्याचा लेखी अधिकार दिला. वास्को द गामा ज्याच्या हुकमाने निघाला, तो राजा मानुएल स्वतः या संघाचा प्रमुख होता.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवे दुसऱ्यांदा जिंकले. होन्नावरच्या तिमोजाची त्याला साथ होती. मशिदींत कोंडून जाळलेल्यांचे वर्णन आणि सहा हजार मुसलमान मारल्याचा आकडा त्याने स्वतः राजाला कळवला. ब्राह्मणांना आणि शेतकऱ्यांना वगळायला सांगितल्याचेही त्याच पत्रात आहे. ही सवलत टिकली नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय आले. तांबड्या समुद्रात शिरून इस्लामच्या पवित्र स्थळांवर चाल करायची आणि त्या बळावर जेरुसलेम मागायचे, असा अल्बुकर्कचा मनसुबा होता. १५१३ मध्ये एडनच्या तटावरून त्याला मागे फिरावे लागले.

याचा हिशेब आज वसई-गोव्यातल्या ख्रिस्ती बांधवांकडे मागणे हा निव्वळ अन्याय आहे. ते याच मातीतले आहेत, आणि त्यांच्या कितीतरी पूर्वजांनी हीच सत्ता सोसली आहे. पण पोर्तुगीज केवळ मिरीच्या वासाने आले, हे आपण मुलांना सांगतो ते अर्धेच खरे आहे. मिरी हवी होतीच. ती घ्यायला येताना ते पोपचा परवाना आणि टेम्पलरांचा वारसा घेऊन आले. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली त्या विजयावर आपण भरभरून लिहितो, ते योग्यच आहे. मात्र वसईचा इतिहास यापुढे जो कोणी लिहील, त्याने वसई पोर्तुगीजांना देणाऱ्या १५३४च्या तहापासून सुरुवात करू नये. आधी क्लेर्माँ आणि लिस्बनवर चार पाने लिहावीत.