दहावीनंतर पोराचे काय करावयाचे?

दिवाळीच्या फराळाला चार माणसे बसली की वऱ्हाडात दोन विषय हमखास निघतात: कापसाचा भाव आणि घरातला दहावीतला मुलगा. कापसाबद्दल प्रत्येकाचे मत निराळे असते. मुलाबद्दल मात्र काका, मामा, शेजारी अशा सर्वांचे एकमत! त्याने डॉक्टर व्हावे, ते न जमल्यास इंजिनियर. ज्याच्यासाठी ही सभा भरलेली असते तो चिवड्यातले शेंगदाणे वेचीत गप्प बसलेला असतो.

अकोल्याच्या एका गृहस्थांना मी विचारले, "का हो, मुलाची आवड कशात आहे?" ते म्हणाले, "त्याले काय समजते जी? दोन वर्सं शिकवणी लावून देतो, मंग लागते आवड!"

शिकवणीवर्गांची अकोल्यात आज मोठी पेठ आहे. बाहेरगावची मुले खोल्या घेऊन तेथे राहतात. शिकविणारे चांगले आहेत, आणि ज्याला खरोखरच डॉक्टर व्हावयाचे आहे त्याने तेथे जरूर जावे. प्रश्न आहे तो ज्याला कोणी विचारलेच नाही त्याचा. कर्ज काढून भरलेली फी आणि मुलाची सतरा-अठराव्या वर्षांतली उमेद, दोन्ही सहजासहजी परत येत नाहीत.

वास्तविक, मुलाला विचारावे, पारखावे आणि मगच वाट दाखवावी, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत बॉस्टन शहरी फ्रँक पार्सन्स यांनी 1908 साली याच कामासाठी कचेरी उघडली. त्यांचे म्हणणे साधे होते: मुलाने आधी स्वतःला ओळखावे, मग निरनिराळ्या धंद्यांची माहिती घ्यावी, आणि नंतर दोहोंचा मेळ घालावा. मुंबई सरकारने 1950 साली व्यवसाय मार्गदर्शनाची कचेरी सुरू केली. वऱ्हाड तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होते; ते मुंबई राज्यात आले 1956 साली. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांतून मार्गदर्शन असावे अशी शिफारस केली, आणि 1964-66 च्या कोठारी आयोगाने तर ते प्राथमिक शाळेपासूनच सुरू करावे असे सांगितले. शिफारशी उत्तम होत्या. शाळेत मात्र हे काम बहुधा ज्या मास्तरांचा तास रिकामा त्यांच्या गळ्यात पडत आले.

2016 साली महाराष्ट्रात दहावीच्या मुलांची सरसकट कल चाचणी झाली. मुले संगणकापुढे बसली. शेती, वाणिज्य, आरोग्य, ललित कला, तांत्रिक शिक्षण, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी आपला ओढा कोठे आहे ते त्यांना समजले. पुढे काही वर्षे ही चाचणी चालली. प्रयत्न स्तुत्य होता. परंतु ओढा निराळा आणि अंगची कुवत निराळी. शिवाय, जी गोष्ट मुलाने कधी पाहिलीच नाही तिच्याकडे त्याचा ओढा असावा कसा? ज्याने बियाण्याची प्रयोगशाळा पाहिली नाही तो शेतीपुढे फुली मारणारच. शेती म्हणजे त्याच्या लेखी बापाची ओढाताण!

आणि पाहावयाला लांब जाण्याचीही गरज नाही. अकोल्यालाच 1969 साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे. ते ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या डॉ. पंजाबराव देशमुखांचेच पाहा. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा विलायतेस गेला, ऑक्सफर्डला वेदवाङ्मयावर प्रबंध लिहून डॉक्टर झाला, बॅरिस्टरही झाला. अमरावतीस परतून त्याने शिक्षणसंस्था उभारली आणि 1952 पासून दहा वर्षे देशाचे कृषिखाते सांभाळले. वेद, वकिली आणि शेती! कोणत्या 'साईड'ला घालणार होतात तुम्ही हा मुलगा?

मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंब्याचे डॉ. विजय भटकर इंजिनियर झाले खरे, आणि 1991 साली पुण्यात त्यांच्या नेतृत्वाखाली 'परम' महासंगणक तयार झाला. इंजिनियर व्हावे की नाही हा वादच नाही. ज्याचा जीव यंत्रात रमतो त्याने अवश्य व्हावे, आणि त्यासाठी बारावीचाच रस्ता आहे असेही नाही. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. आयटीआय आहे, कृषी पदविका आहे. 'आयटीआय' म्हटले की आपल्याकडे नाके मुरडतात. घरातली मोटार बिघडली म्हणजे मात्र त्याच पोराची दिवसभर वाट पाहतात.

अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभे आहे. खेळावर आयुष्य काढता येते हे तेथे डोळ्यांनी दिसते. सप्टेंबर 2024 मध्ये अमरावतीच्या मोठ्या वस्त्रोद्योग उद्यानाची कोनशिला बसली. कापूस आपला, मग त्याची प्रत ठरविणारा, सूत तपासणारा, कापडाचे नमुने काढणारा माणूस बाहेरून का यावा? आणि ज्या मुलीचा जीव भाषेत गुंतला आहे तिच्यासाठी रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठ निघाले आहे.

मुलीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मुलाच्या बाबतीत आपण निदान गुण तरी पाहतो. मुलीच्या बाबतीत पुष्कळदा एकच गोष्ट पाहतो, कॉलेज घरापासून किती लांब! मार्गदर्शनाची गरज येथे मुलीला कमी आणि वडीलमंडळींना अधिक आहे.

तेव्हा सुटीत एवढे करावे. आपल्या ओळखीतला एक ओव्हरसियर, एक परिचारिका, एक जिनिंगवाला, एक छायाचित्रकार गाठावा आणि मुलाला त्याच्याजवळ अर्धा दिवस बसवावे. पगार किती, एवढेच विचारू नये. कंटाळा कशाचा येतो, हेही विचारावे. खरी माहिती त्याच उत्तरात असते. मुलाबरोबर आपण बसू नये, नाही तर प्रश्न आपणच विचारू!

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिवार फेरी भरते. शेतकऱ्यांची तेथे गर्दी असते. शहरातल्या घरांनीही मुलांना न्यावे. सकाळी लवकर निघावे, आणि पायांत जुन्या चपला असाव्यात. पाऊस पडून गेला असला तर काळी माती फार चिकटते.